जुन्या गाडीच्या ब्रेकचा जाम झालेला बोल्ट न मोडता कसा काढायचा (पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी)

ब्रेक पॅड बदलायला अर्धा तास पुष्कळ झाला. पण कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग) धरून ठेवणारा बोल्टच सुटत नसेल तर तोच अर्धा तास दोन दिवसांवर जातो, आणि गोव्यातल्या जुन्या गाडीवर तो सहजासहजी सुटत नाहीच. मारुती ८०० बनायची बंद झाली २०१४ मध्ये, ओम्नी २०१९ मध्ये, म्हणजे आज रस्त्यावर दिसणाऱ्या कुठल्याही ८०० नं दहाच्या वर पावसाळे काढलेत. त्यात गाडी हरमल, मोरजी, कळंगुट, कोलवा असल्या किनाऱ्याच्या गावात उघड्यावर उभी राहत असेल तर बाराही महिने खारं वारं लागतं, मासे वाहणारी गाडी असेल तर बर्फाचं खारं पाणी मागच्या चाकांवर गळत राहतं, आणि रोज फेरीबोटीनं ये-जा करणाऱ्यांची चाकं रॅम्पवरच्या मचूळ पाण्यातून जातात ते वेगळंच.

नवीन माणूस काय करतो, बोल्ट सुटेना म्हटल्यावर पान्याला पाइप लावतो आणि अंग टाकतो. मग एकतर बोल्टचे कोपरे जातात नाहीतर डोकं तुटून हातात येतं आणि उरलेला तुकडा आतच राहतो, तो काढायला मग ड्रिल, वेल्डिंग, लेथ सगळं लागतं. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी वेळ, मग ठोके, मग बेताबेतानं ताकद, आणि उष्णता सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळलात तर बहुतेक बोल्ट अख्खे निघतात. आणि हे ब्रेक आहेत, रेडिओ नाही, त्यामुळे मधे कुठेही वाटलं की आता आपल्या हाताबाहेर चाललंय तर तिथेच थांबून जाणत्या मेकॅनिकला बोलवा.

बोल्ट अडकतो का

गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतं, निदान दुप्पट धरा. बोल्टचे आटे आणि भोकातले आटे यांच्यात केसाएवढी फट असते, त्या फटीत गंज वाढला की तो दोन्हीकडून दाबून बसतो, आपल्याकडे पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत अडकतं ना अगदी तसं. मीठ असलं की हे सगळं कितीतरी जोरात होतं कारण क्लोराइडमुळे गंज धरायची क्रिया वाढते. कॅलिपर ॲल्युमिनियमचा आणि बोल्ट पोलादाचा असेल तर दोन वेगळे धातू खाऱ्या ओलीत एकमेकांना चिकटतात, तिथे पांढरी पूड दिसते आणि तो प्रकार लोखंडाच्या गंजापेक्षा चिवट. शिवाय चाकाच्या आतल्या बाजूला आपली तांबडी माती साचून बसते, ती ओल धरून ठेवते, वरून गाडी सुकलेली दिसली तरी आत ओलच.

शक्य असेल तर हे काम पावसात काढू नका. एप्रिल-मेमध्ये किंवा चवथीनंतर पाऊस ओसरल्यावर करा, आणि कामाच्या दोन-तीन दिवस आधीपासून तयारी सुरू करा. तयारी म्हणजे तेल, ते पुढे सांगतोय.

गाडी उचलताना

हे वाचून सोडून देऊ नका. गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या, अंगणातल्या मातीवर जॅक रुततो. गिअरमध्ये टाका, जे चाक उचलणार नाही त्याला पुढून-मागून अडकण लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करून घ्यायचे, मग जॅकवर उचलायची आणि जॅकशेजारी लोखंडी स्टँड लावून गाडी त्या स्टँडवर टेकवायची. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही, कारण जाम बोल्टला जोर लावताना अख्खी गाडी हलते आणि जॅक सरकतो.

आपल्याकडे हाताशी चिरे असतात म्हणून लोक गाडीखाली चिरे रचतात. कृपा करून हे करू नका. चिरा सच्छिद्र दगड आहे, एका टोकावर वजन आलं की फुटतो, आणि फुटायच्या आधी काही सांगत नाही. चाकाला अडकण म्हणून चिरा चालेल, गाडी पेलायला नाही. हॉलो ब्लॉकचंही तेच.

चष्मा लावा, गंजाचे कण थेट डोळ्यात येतात. आणि ब्रेकची काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं किंवा फुंकून उडवायची नाही, जुन्या लायनिंगमध्ये, म्हणजे ब्रेकच्या घासल्या जाणाऱ्या थरात, ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुफ्फुसात गेलं की निघत नाही. पाणी मारून ओली करा, फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत घालून टाकून द्या.

आधी पाना बघा

बोल्ट खराब व्हायचं सगळ्यात मोठं कारण चुकीचा पाना. मारुती म्हणजे सुझुकी, जपानी मापं: १०, १२, १४, १७, १९ हेच पाने बहुतेक ठिकाणी लागतात. पण जुनी जीप किंवा अ‍ॅम्बॅसेडर असेल तर इंचाची मापं असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर १३ चा पाना बसतो, बसल्यासारखा वाटतो, आणि जोर लावला की कोपरे खाऊन टाकतो. १३ चा पाना थोडा जरी खुळखुळला तर थांबा आणि इंचाचा सेट शोधा, म्हापसा-मडगावच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

दुसरी गोष्ट, सहा कोनांची गोटी (सॉकेट) वापरा. बारा कोनांची गोटी पटकन बसते म्हणून सेटमध्ये तीच जास्त असते, पण ती बोल्टच्या फक्त टोकांवर धरते, सहा कोनांची सपाट बाजूंवर धरते. उघड्या तोंडाचा फिक्स पाना जाम बोल्टवर अजिबात नाही. आणि गोटी बसवायच्या आधी बोल्टचं डोकं तारेच्या ब्रशनं घासून अगदी साफ करा, माती आणि गंजाची पपडी असली की गोटी पूर्ण आत जात नाही, वरच्या वरच धरते आणि घसरते. गोटी हातोडीनं हळूच ठोकून शेवटपर्यंत बसवली तरी चालेल.

कुठल्या बाजूला फिरवायचं

साधी गोष्ट आहे पण याच्यात पुष्कळ बोल्ट मोडलेत. बोल्टच्या डोक्याकडून बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेनं सुटतो. पण कॅलिपरच्या ब्रॅकेटचे (कॅलिपर ज्या चौकटीवर बसतो तिचे) बोल्ट आतून, इंजिनच्या बाजूनं लावलेले असतात आणि तुम्ही बसलेले असता बाहेर चाकाच्या बाजूला, म्हणजे तुम्हाला सगळं उलटं दिसतं. अशा वेळी हात घालायच्या आधी मनातल्या मनात बोल्टच्या डोक्यासमोर जाऊन उभे राहा आणि मग दिशा ठरवा, खडूनं बाण काढून ठेवलात तर आणखी चांगलं. जाम बोल्ट चुकून आणखी आवळत बसलात तर तो मोडणारच.

तेल आणि वाट बघणं

पेनिट्रेटिंग तेल हे खास अशा कामासाठीच पातळ बनवलेलं असतं, ते बारीक फटीतून आत झिरपतं. लोक सरसकट डब्ल्यूडी-४० मारतात. ते मुळात १९५३ मध्ये धातूवरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी बनवलेलं आहे, हलक्या गंजाला चालतं, पण दहा वर्षांच्या गंजाला खास पेनिट्रेटिंग स्प्रे आणा. तो मिळाला नाही तर जुने मेकॅनिक एक मिश्रण करतात, पॉवर स्टिअरिंग किंवा ऑटोमॅटिक गिअरचं तेल (एटीएफ म्हणून मागा) आणि ॲसिटोन निम्मं निम्मं. दोन्ही नीट मिसळत नाहीत म्हणून प्रत्येक वेळी बाटली हलवून घ्यायची. चांगलं काम करतं, फक्त ॲसिटोन पेटतं, रंग खातं, प्लास्टिक आणि रबर खराब करतं, तेव्हा थेंबाथेंबानं, नेमकं आट्यांवर. नुसतं रॉकेल किंवा डिझेल काहीच नसल्यापेक्षा बरं, त्याच्यावर जास्त भरवसा ठेवू नका.

तेल कुठे टाकायचं हे महत्त्वाचं. लोक बोल्टच्या डोक्यावर टाकतात, पण गंज आहे आट्यांत. बोल्ट आरपार गेलेला असेल तर मागच्या बाजूनं जिथे आटे उघडे दिसतात तिथे ब्रशनं घासून तिथूनच तेल सोडा. रात्री एकदा, सकाळी एकदा, परत रात्री, असं दोन दिवस. मधेमधे हातोडीनं डोक्यावर हलके ठोके द्या म्हणजे तेल आत ओढलं जातं. घाई असलेल्या माणसाला हे पटत नाही, तेल मारलं की पाच मिनिटांत पाना लावतो. एवढ्या वेळात तेल पहिल्या आट्यापर्यंतसुद्धा पोचत नाही.

आणि हे नीट ऐका, तेल डिस्कवर, पॅडवर, ब्रेक शूवर (ड्रम ब्रेकमध्ये पॅडच्या जागी असतात ते) अजिबात उडता कामा नये. पॅड असा सच्छिद्र असतो की एकदा तेल प्यायला की पुसून, घासून, जाळून काही उपयोग नाही, बदलायचाच. तेल मारायच्या आधी डिस्कवर प्लास्टिकची पिशवी बांधा, नाहीतर स्प्रे न करता सिरिंजनं किंवा ब्रशनं लावा. डिस्कवर उडालंच तर ब्रेक क्लीनरनं धुवून काढता येतं.

ठोके

दोन दिवसांनी पाना लावायच्या आधी ठोके. बोल्टच्या डोक्यावर सरळ, पंच ठेवून मध्यम हातोडीनं दहा-पंधरा कडक ठोके. मोठा घण नको. उद्देश वाकवायचा नाही, गंजाची पकड फोडायची आहे, गंज कडक असतो पण ठिसूळ असतो, धक्क्यानं त्याला तडे जातात आणि त्या तड्यांतून तेल शिरतं. ब्रॅकेट बिडाचं असेल तर त्याच्या बाजूला हातोडी मारताना जपून, बीड तडकतं, आणि ॲल्युमिनियमच्या कॅलिपरवर तर थेट हातोडी नकोच.

ठोकून लागणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर असेल किंवा शेजारच्या टायरवाल्याकडे हवेची इम्पॅक्ट गन असेल तर ती इथे खरंच उपयोगी आहे, कारण तिचे छोटे छोटे झटके बोल्टला पिळत नाहीत, हलवतात. गन कमी जोरावर ठेवून सुरुवात करायला सांगा, आणि गोटी इम्पॅक्टची काळी जाडी हवी, चकचकीत क्रोमवाली फुटते.

आता ताकद, पण हाताचं ऐकत

लांब दांडा लावा, रॅचेट नको, रॅचेटचे दात तुटतात. गोटी सरळ बसली पाहिजे, एका हातानं गोटीचं डोकं दाबून धरायचं आणि दुसऱ्या हातानं दांडा ओढायचा. ओढायचा, ढकलायचा नाही, कारण ढकलताना एकदम सुटलं तर बोटं गाडीच्या पत्र्यावर जाऊन आदळतात.

पहिला जोर उलटा द्या, म्हणजे किंचित आवळायच्या दिशेनं. विचित्र वाटेल पण गंजाची पकड कुठल्याही दिशेनं सुटली तरी सुटलीच, आणि आवळायच्या बाजूला अगदी पाव इंच हललं तरी अर्धं काम झालं. मग सोडवायच्या दिशेनं हळूहळू, एकसारखा वाढत जाणारा जोर.

इथे दोन वेगळ्या गोष्टी हाताला कळतात आणि त्या ओळखायला शिकलात की तुम्ही बोल्ट मोडणार नाही. बोल्ट खरंच सुटतो तेव्हा 'कड्' असा कोरडा, खणखणीत आवाज येतो, दांडा एकदम थोडासा सरकतो आणि पुढे परत घट्ट लागतो. हा चांगला आवाज. बोल्ट मोडायला निघतो तेव्हा आवाज नसतो. दांडा मऊ मऊ फिरायला लागतो, जोर तेवढाच लागतोय पण फिरणं चालूच आहे, रबर पिळल्यासारखं, म्हणजे डोकं फिरतंय आणि आतले आटे जागच्या जागी आहेत, मधला दांडा पिळला जातोय. असं वाटलं त्या क्षणी हात सोडा. परत तेल, परत ठोके, परत रात्रभर थांबा. शंका असेल तर बोल्टच्या डोक्यावर आणि मागे बाहेर आलेल्या टोकावर खडूची रेघ मारून ठेवा, डोक्याची रेघ सरकली आणि टोकाची तिथेच राहिली तर बोल्ट सुटत नाहीये, पिळला जातोय.

कड् झाल्यावर आनंदानं सरळ फिरवत सुटू नका. पाव फेरा सोडवा, अर्धा पाव परत आवळा, तेलाचे दोन थेंब, परत सोडवा. असं पुढे-मागे करत न्या. आट्यांतला गंज चुरा होऊन पुढच्या आट्यात अडकतो, तो तेलाबरोबर बाहेर यायला वेळ लागतो. सुटलेला बोल्ट अर्ध्यावर येऊन परत जाम होऊन मोडतो तो याच घाईत.

तरीही हलत नसेल तर उष्णता

आग लावायच्या आधी विचार करा की जवळ काय काय आहे. ब्रेकची रबरी होज, पिनांवरची रबरी बुटं, पिस्टनचं सील, बेअरिंगचं ग्रीस, आणि ब्रेक फ्लुइड जे स्वतः पेटतं. ॲसिटोनचं मिश्रण किंवा कुठलाही स्प्रे मारला असेल तर पूर्ण सुकेपर्यंत गॅस टॉर्चची ज्योत नाही. ब्रेक क्लीनर मारलं असेल तर आणखी काळजी घ्या, काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनवाले सॉल्व्हंट असतात आणि ते तापले किंवा वेल्डिंगच्या ठिणगीत आले की फॉस्जीन नावाचा विषारी वायू होतो. हे घाबरवायला लिहीत नाहीये, माणूस दगावू शकतो याच्यानं. पाण्यानं धुवा, सुकवा, मगच पुढे. शेजारी वाळूची बादली किंवा फायर एक्स्टिंग्विशर ठेवा.

तापवायचं ते शक्यतो बोल्टला नाही, बोल्ट ज्या भागात बसलाय त्याला, म्हणजे ब्रॅकेटला किंवा नटला. बाहेरचा भाग फुगला की भोक मोठं होतं. किती मोठं, तर १० मिलिमीटरचं पोलादी भोक २०० डिग्रीनं तापवलं तर ०.०२४ मिलिमीटर, डोळ्याला दिसणारसुद्धा नाही एवढं, पण गंजाची पकड मोडायला पुरतं. तापवा, थोडं थंड होऊ द्या, परत तापवा, या आकुंचन-प्रसरणानंच जास्त काम होतं. गरम असतानाच साधी मेणबत्ती आट्यांच्या तोंडाशी टेकवा, मेण वितळून आत ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं, हा जुना उपाय अजूनही चालतो.

ज्या बोल्टला तापवलंय तो परत लावायचा नाही, त्याचं कडकपण गेलेलं असतं. आणि कॅलिपर, होज, सील जागेवर असताना लालबुंद करायचं नाही. एवढी उष्णता लागत असेल तर सगळं ब्रॅकेट नकलसकट, म्हणजे ते ज्या भागावर बसतं त्यासकट, उतरवून गॅस वेल्डिंगवाल्याकडे न्यायचं.

कोपरे गेले असतील

बोल्ट गोल झाला तर घाबरू नका, पण परत तीच गोटी लावू नका. एक माप लहान, सहा कोनी गोटी हातोडीनं ठोकून बसवून बघा, किंवा कानशीनं दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करून त्यावर व्हाइस ग्रिप अगदी घट्ट लावा. आतून पिळाचे दात असलेली बोल्ट काढायची खास गोटी मिळते, ती उत्तम. हे नसेल तर छिन्नी डोक्याच्या कडेला तिरकी लावून सोडवायच्या दिशेनं ठोकत नेता येतं, जागा असेल तर.

डोकंच तुटलं आणि तुकडा थोडा बाहेर असेल तर त्यावर एक नट ठेवून नटच्या आतून वेल्डिंग करून घेणं हा सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे, कारण वेल्डिंगची उष्णता थेट बोल्टमध्ये जाते आणि नंतर पाना लावायला नवं डोकंही मिळतं. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची केबल काढा. तुकडा आत बसला असेल तर मध्यभागी पंच मारून, अगदी मधोमध, आधी बारीक आणि मग मोठं ड्रिल. डाव्या फिरकीचं ड्रिल बिट मिळालं तर बऱ्याचदा ड्रिल करतानाच तुकडा फिरून बाहेर येतो. उलट्या आट्यांच्या एक्स्ट्रॅक्टरबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, नवीन माणसाच्या हातात तो आत मोडतो आणि त्याचं पोलाद इतकं कडक असतं की नंतर साधं ड्रिल त्यावर चालत नाही. आटेच नवीन पाडायचे झाले तर ८ मिलिमीटरच्या साध्या आट्याला, म्हणजे १.२५ पिचला (दोन आट्यांमधलं अंतर), ६.८ चं भोक, आणि १० मिलिमीटरच्या १.२५ पिचला ८.८ चं. इथपर्यंत आलात आणि ड्रिलवर हात बसलेला नसेल तर भाग उतरवून वेर्णा, कुंडई, काकोडा असल्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एखाद्या लेथवाल्याकडे नेलेलं बरं. वाकडं पडलेलं भोक सरळ करता येत नाही.

ब्लीडर निपल, पाइपचा नट आणि ड्रम

ब्लीडर निपल, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू, आतून पोकळ असतो म्हणून तो साध्या बोल्टच्या कितीतरी आधी मोडतो. त्याच्यावर ताकद हा पर्यायच नाही. तेल, बाजूनं हलके ठोके, सहा कोनी गोटी. निपलच्या भोकात बरोब्बर बसेल असा ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत दांडा घालून ठेवला तर तो आत दबत नाही, हे करून बघा. मोडलाच तर मागच्या चाकाचा अख्खा व्हील सिलिंडर (ड्रममधले शू ढकलणारा भाग) नवीन टाका, तो काही फार महाग नसतो आणि मोडका निपल खोदत बसण्यात दिवस जातो.

ब्रेक पाइपच्या नटला पाइपसाठी कापलेला खास फ्लेअर पाना लागतो, फिक्स पान्यानं तो मऊ नट गोल होतो. नट फिरताना पाइपही बरोबर फिरतोय का याच्याकडे लक्ष ठेवा. फिरत असेल तर थांबा, पिळलेला पाइप फुटतो, आणि तो फुटणार तुम्ही ब्रेक जोरात दाबाल तेव्हाच. पाइप गंजून खवले सुटले असतील तर वाचवत बसू नका, कापून टाका म्हणजे नटवर सरळ सहा कोनी गोटी बसते, आणि पाइप नवीन बसवा.

ड्रम निघत नसेल तर आधी हँडब्रेक सोडलाय ना बघा, मग ॲडजस्टर (शूचं अंतर जुळवणारा भाग) मागे घ्या कारण आत झिजलेल्या ड्रमच्या कडेला शू अडकलेले असतात. पुष्कळ ड्रमवर दोन आट्यांची भोकं दिलेली असतात, बहुतेक ८ मिलिमीटरची, त्यांतली माती काढून दोन बोल्ट लावा आणि एकदा हा, एकदा तो, अर्धा अर्धा फेरा असं आवळत न्या, ड्रम स्वतःच बाहेर ढकलला जातो. मधे मधे चाकाच्या स्टडमधल्या जागेत हातोडीनं ठोकायचं. ड्रमच्या बाहेरच्या कडेवर मारलं तर कडा उडतात.

परत लावताना

भोकातले आटे टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ करा, तारेच्या ब्रशनं नवीन बोल्टचेही. बोल्ट त्याच ग्रेडचा हवा, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेलं असतं, जुन्यावर जे असेल तेच किंवा गाडीच्या कंपनीचा मूळ पार्ट. हार्डवेअरमधला आकडा नसलेला बोल्ट ब्रेकला लावायचा नाही. गंजत नाही म्हणून स्टेनलेसचा लावावा असं वाटतं, पण साधा स्टेनलेस बोल्ट १०.९ एवढं सोसत नाही आणि त्याचे आटे एकमेकांत चिकटतात ते वेगळं.

आट्यांवर अँटी-सीज पेस्ट (आटे जाम होऊ न देणारी) बोटभर नाही, पुसट, आणि तिथे कंपनीनं थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा डिंकासारखा द्रव) सांगितलं असेल तर थ्रेडलॉकच, दोन्ही एकत्र नाही. पेस्ट लावली की तोच टॉर्क (पान्यानं मोजून दिलेला पिळाचा जोर) जास्त आवळतो हे लक्षात ठेवून थोडं कमी आवळायचं. गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा, अंदाज यावा म्हणून सांगतो, ८ मिलिमीटरचा ८.८ ग्रेडचा कोरडा बोल्ट साधारण २५ न्यूटन मीटर घेतो, १० मिलिमीटरचा ५० च्या आसपास. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिनांना साधं ग्रीस लावू नका, खनिज तेलाच्या ग्रीसनं ब्रेकचं रबर फुगतं आणि पिना परत जाम होतात. ब्रेकसाठीचं सिलिकॉन किंवा रबर ग्रीस मागा.

फ्लुइड उघडलं असेल तर नवीन, सीलबंद डब्यातलं घाला. आपल्याकडच्या दमट हवेत उघडा डबा महिनोन्महिने ठेवलेला असेल तर त्यानं पाणी शोषलेलं असतं. नवं डॉट ३ निदान २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी प्यालेलं १४० लाच उकळायला लागतं, आणि उकळलं की पेडल तळाला जातं. ते गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग उठतो.

चाक लावून गाडी खाली घेतल्यावर, इंजिन चालू करायच्या आधी पेडल दहा-बारा वेळा दाबा, कडक लागेपर्यंत. दाबलं नाही तर पहिल्या ब्रेकला पेडल सरळ खाली जाईल कारण पिस्टन मागे ढकललेला असतो. पेडल दाबून धरून दुसऱ्या माणसाला प्रत्येक जोड बघायला सांगा, ओल दिसते का. मग सपाट, मोकळ्या रस्त्यावर चालण्याच्या वेगानं दोन-तीनदा ब्रेक मारून बघा, गाडी एका बाजूला ओढते का ते बघा, आणि मगच घाटाला किंवा हायवेला काढा. पन्नास-शंभर किलोमीटर झाले की एकदा चाक काढून त्या बोल्टवर टॉर्क पाना लावून तपासा. आणि चाक उघडं आहे तोवरच दुसऱ्या बाजूच्या बोल्टलाही तेल सोडून ठेवा, त्या बाजूचे पॅडही फार मागे नसतील.